समुद्रकाठच्या चौकीतली ताई

ताई,

परवा विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. सरपंच बोलले, तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या, शिरूरच्या फॉरेस्ट ऑफिसातले साहेब बोलले. गावातली पहिली वनरक्षक मुलगी, धाडसी, मनमिळाऊ, असं सगळे म्हणाले आणि खोटं कुणीच बोललं नाही. मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो, "माझी ताई" एवढं म्हणालो आणि खाली येऊन बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. गहिवरलो तर होतोच. पण मला जे सांगायचं होतं ते समुद्राचं होतं, आणि त्या मांडवात आई आणि मी सोडून कुणीही तुला समुद्रावर पाहिलेलं नव्हतं. कुठून सुरू करू तेच कळेना.

म्हणून आता तुलाच सांगतो. तुला ठाऊक असलेलंच.

तुझी निवड झाली तो दिवस आठवतो. कालव्याच्या चारीच्या कडेनं धावून धावून तू तयारी केली होतीस, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आई तेव्हा लोकांच्या रानात शेवंती तोडायला जायची. ती संध्याकाळी घरी आली तर तू दारातच उभी. "आई, फॉरेस्टात लागले. समुद्राकाठी पाठवतायत." आईनं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि म्हणाली, "फॉरेस्ट म्हणलीस, आन् ह्यो समुद्र कुठनं आला? समुद्रात झाडं असत्यात व्हय?" तू मला विचारलंस, "बाळ्या, समुद्र आपल्यापासून कुठल्या बाजूला रं?" मी माझं शाळेतलं जुनं भूगोलाचं पुस्तक काढलं. आपण दोघं त्या नकाशावर बोट ठेवून शिरूरपासून पश्चिमेला सरकत गेलो. निळ्या रंगाशी बोट थांबलं तेव्हा तू म्हणालीस, "एवढंच की. जवळ हाय." पोचवायला बाप म्हणून आबा असते, पण ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुला पोचवायला मीच आलो असतो, पण कुरकुंभच्या केमिकल कंपनीत मी नुकताच कामाला लागलो होतो, सुट्टी मिळेना. तू एकटीच पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीत बसलीस.

त्यानंतर दर आठवड्याला शेजारच्या किराणा दुकानात तुझा फोन यायचा. आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची आणि एकच गोष्ट विचारायची, "जेवलीस का?" तू काय काम करतेस हे तिनं कधी विचारलं नाही. तिला ते काम आवडतच नव्हतं. तुझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा तर ती घाईलाच आली. मुलगा दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, लोको शेडला कायम नोकरी, माणसं आपल्यातलीच आणि चांगली. त्यांची एकच अट होती, मुलीनं जंगलातली नोकरी सोडावी. आईला ती अट वाटलीच नाही, सुटका वाटली. तुला फोनवर काहीच न सांगता तिनं बघण्याच्या कार्यक्रमासाठी निळी साडी घेतली, भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि मला म्हणाली, "चल, घिऊन येऊ तिला."

दौंडहून पुण्याला, पुण्याहून घाट उतरून खाली. शेवटचा रस्ता चालतच गेलो. रस्ता संपला तिथं बांबूचं फाटक होतं, हिरव्या रंगाची पाटी होती आणि सुरूच्या झाडांखाली कौलारू खोली. फाटकाशी खाकी शर्ट-पँट घातलेलं, टोपीवालं कुणीतरी पाठमोरं उभं होतं. आई पुढं झाली आणि म्हणाली, "ओ साहेब, आमची सुनंदा इथंच असती का?"

तू वळलीस. "आई, मीच की गं."

आई तुला डोक्यापासून बुटांपर्यंत बघत राहिली. कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. तू तिच्या पाया पडायला वाकलीस तर ती आधी मागं सरकली. मग तुझ्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "काळी पडलीस." मी हसलो, तू हसलीस. ती हसली नाही.

चौकीत आलो तर भिंतीतल्या फळीवर दारूच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. आईनं तोंडावर हातच घेतला. "सुनंदा, हे काय गं?" तुझे वनपाल, जाधव साहेब, खुर्चीतून उठले आणि कान धरल्यासारखं करून म्हणाले, "आई, आमच्या नाहीत. येणाऱ्या पाहुण्यांच्या आहेत. आत न्यायला बंदी आहे, म्हणून इथं ठेवून घेतो आणि जाताना परत देतो. तुमची मुलगी पिशव्या तपासते, तिच्या तावडीतून एक सुटत नाही." जाधव साहेब निवृत्तीला आलेले, बारीक, सतत काहीतरी चघळणारे. त्यांच्यामागं दारात उभे होते गणपतदादा. ते तिथले रोजंदारीवरचे वॉचर, आधी मासेमारी करायचे. त्यांनी आईला बघून हात जोडले आणि आतून शहाळी आणायला गेले. एवढीच तुमची माणसं. तिघांनी मिळून तो सगळा किनारा, वरचं रान आणि खाडीतली तिवरं सांभाळायची.

पुढचा दिवसभर मी तुझ्यामागं हिंडलो. सकाळी तुम्ही तिघं गोणी घेऊन वाळूवरनं निघालात. प्लास्टिक, काचा, तुटकी चप्पल, जाळ्याचे तुकडे, सगळं उचलत. एका उंच झाडावर समुद्रगरुडाचं घरटं होतं, त्याच्याखाली तू मला तोंडावर बोट ठेवून उभं केलंस. बराच वेळ काही झालं नाही. मग तो पक्षी समुद्रावरनं आला, पायात साप का मासा काहीतरी लोंबत होतं, आणि घरट्यातनं एक फाटका आवाज आला. तू माझ्याकडं असं बघितलंस जणू ते पिल्लू तूच जन्माला घातलं होतंस. आपल्या शिवारातल्या बाभळी आणि निवडुंगात वाढलेली तू! तिथल्या झाडांना तू घरच्या माणसांसारखी हाक मारायचीस. ह्या उंडीला कीड लागलीय, ती केतकी लोक तोडतात. मला वाटलं होतं, तू तिथं अडकून पडली असशील. तू तर नांदत होतीस.

संध्याकाळी आईनं विषय काढला. स्थळ सांगितलं, साडी दाखवली. तू साडीवरनं हात फिरवलास. "छान हाय. पण आई, त्याला म्हणावं, इथं येऊन बघ मला."

"पोरगं काय समुद्रावर येतंय व्हय पोरगी बघायला?"

"मग मी कशाला जाऊ? मी काम करते ते न बघता त्याला कळणार कसं, मी कोण हाय ते?"

"काम म्हणं! कचरा येचायचा आन् लोकांच्या बाटल्या राखायच्या. त्याच्यापाई घरदार सोडून ऱ्हायचं?"

तू ताटं उचललीस. एवढंच म्हणालीस, "उद्या रविवार हाय. गर्दी असती. लवकर निजा."

रविवारी खरंच गर्दी झाली. त्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक पसरट खडक होता. ओहोटीला वाळूवरनं चालत त्याच्यावर जाता यायचं. भरती लागायची वेळ झाली की चौकीची पितळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांना माघारी बोलवायचं, हे तुमचं रोजचं काम. दुपारी घंटा झाली. बरेच लोक परतले. एक मोठं कुटुंब मात्र खडकावर चटया टाकून बसलेलंच राहिलं. तू गेलीस, तुझ्यामागं मीही. पांढऱ्या कपड्यातला त्यांचा कर्ता माणूस बोलला आणि मी ओळखलं, माणसं आपल्याच बाजूची.

"बाई, जरा बसू द्या की. एवढ्या लांबनं आलोय."

"भरती लागली, साहेब. मधल्या घळीत आधी पाणी शिरतं. खडक उघडा दिसला तरी परतायला वाट ऱ्हात न्हाई."

तुझी बोली ऐकून त्याला कौतुक वाटलं. "तुम्ही आमच्याकडच्याच दिसताय. गाव कुठलं?" तू सांगितलंस. "अरे वा. आन् आडनाव?"

तू आडनावही सांगितलंस, स्पष्ट, शिट्टीवर हात ठेवून. तो "हां" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर फार काही हललं नाही, पण पुढचं वाक्य वेगळं आलं. "येतो आम्ही. तू तुझं काम कर, जा."

तुम्हीचं तू झालं होतं. माझे कान तापले. तू मात्र त्याच आवाजात म्हणालीस, "हेच माझं काम हाय. उठा." तिथनं हलली नाहीस. पोरंबाळं तुला बघूनच उठली, मग बायका. सगळ्यांना चटया गोळा करायला लावून तू काठाला आणत होतीस, तोवर घळीत पाणी गुडघ्याच्या वर आलं. सगळे पार झाले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या माणसाची म्हातारी आई खडकाच्या पलीकडच्या अंगाला सावलीत पाय पसरून बसली होती. ती उठून इकडच्या कडेला आली तेव्हा मधे पाणीच पाणी.

तिचा मुलगा, तो पांढऱ्या कपड्यातला मोठा माणूस, "आये, ये की, ये की" असं ओरडत पाण्यात शिरला. एका लाटेनं त्याला आडवा केला, तो उठून माघारी काठाला आला आणि तिथनंच हाका मारत राहिला. गणपतदादा गेले. ते पोचले, पण म्हातारीनं त्यांना दोन्ही हातांनी ढकललं, परका बाप्या अंगाला हात लावतोय म्हणून किंचाळली. दादांनी खूप समजावलं. पाणी वाढत होतं. शेवटी म्हातारी तुझ्याकडं बोट करून ओरडली, "त्या पोरीला धाडा!"

तू जाधव साहेबांकडनं दोर घेतलास, कमरेला बांधलास. दुसरं टोक साहेबांनी आणि मी धरलं. तू बूट काढले नाहीस. पाण्यात शिरताना एकदाच वळून आईकडं बघितलंस. आई ओरडली नाही, रडली नाही. मटकन वाळूत बसली आणि दोन्ही मुठीत वाळू धरली.

पाणी तुझ्या छातीला लागलं. तू पोचलीस, म्हातारीला पाठीवर घेतलंस. तिनं तुझा गळा असा आवळला की तुला श्वास घेता येईना. गणपतदादा समुद्राच्या अंगाला भिंतीसारखे उभे राहून तुझ्याबरोबर चालत होते. मधेच एक लाट तुम्हा तिघांच्या वरनं गेली. काही दिसेना. दोर माझ्या हातातनं सरकला, तळव्याची साल निघाली. साहेब ओरडले, "ओढ!" आम्ही ओढलं. आधी म्हातारीचं पांढरं डोकं वर आलं, मग तुझं, टोपीशिवाय.

चौकीत म्हातारी दात वाजवत बसली. तिच्या सुनांच्या पिशव्याही भिजलेल्या, कुणाकडं कोरडं कापड नव्हतं. आई कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीपाशी गेली, निळी साडी काढली आणि घडी मोडली. मी म्हणालो, "आई, ती तर…"

"गप. म्हातारी गारठलीय."

तिनं दार लोटून घेतलं आणि त्या बाईला स्वतःच्या हातानं साडी नेसवली. आतनं म्हातारीचा आवाज आला, "तुमची लेक व्हय?" आणि आईचा, "व्हय. माझीच."

ताई, आपलं भांडण इथनं सुरू होतं. निघताना तो माणूस तुझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. आणि तू काय म्हणालीस? "जाताना उतारावर गाडी हळू घ्या, खडी हाय." बास. मला त्या संध्याकाळी राहवलं नाही. मी विचारलं, त्याला सुनावलं का नाहीस? आडनाव विचारणाऱ्याला त्याच्या आईचा जीव कुणी आणला हे सांगायला काय झालं होतं? तू केस पिळत होतीस. म्हणालीस, "त्याच्या आईसमोर त्याला काय बोलू, बाळ्या?" नंतर किती वर्षं आपण हा वाद घातला! माझ्या लग्नात, माझ्या पोराच्या बारशाला, कशावरनंही विषय निघायचा. मी म्हणायचो, गप्प बसण्यानंच हे चालत आलंय. तू म्हणायचीस, "मी गप्प कुठं बसले? उठा म्हणलं, आन् उठवलं." मला ते अजून पटलेलं नाही. तू असतीस तर आजही भांडलो असतो.

आई आणि मी घरी परतलो ते तुला न घेता. वाटेत ती दौंडला उतरली, थेट त्या मुलाच्या घरी गेली. मीही बरोबर होतो. चहा झाल्यावर म्हणाली, "आमची पोर नोकरी सोडायची न्हाई. तुमचं पोरगं रेल्वे सोडतंय का?" माणसं खरंच चांगली होती, रागावली नाहीत. पण तो विषय तिथं मिटला. पुढंही जी स्थळं आली त्यांचं असंच झालं, आणि मग यायची थांबली. तुला त्याचं वाईट वाटायचं का, हे मी कधीच विचारलं नाही. माझ्या पोराला तू मांडीवर घेऊन बसायचीस तेव्हा विचारावं असं मनात यायचं. तू हसत असायचीस, मग राहून जायचं.

आईचे गुडघे गेले तेव्हा तू स्वतःहून शिरूरकडं बदली मागून घेतलीस. आपल्याकडं उसात बिबटे दिसायला लागलेले ते दिवस. एकदा विहिरीत बिबट्या पडला आणि सारा गाव कठड्याला लोटला, त्या दिवशी मी तुझ्यासोबत होतो. तरणी पोरं दगड घेऊन उभी. तू शिट्टी मारलीस, कठड्यावर चढलीस आणि म्हणालीस, "त्यो भ्यालाय. तुम्ही बी भ्यालाय. मागं सरा, मी हाय हितं." आणि लोक सरले. मला ती खडकावरची दुपारच दिसत होती. रात्रंदिवस राबत होतीस, पण कधी कधी अंगणात बाज टाकून बसलीस की म्हणायचीस, "वारा हाय इथं, पण त्याला वास न्हाई."

आजारपणातलं, दवाखान्यातलं जास्त लिहीत नाही. एवढंच लिहितो, की भेटायला येणाऱ्यांची वेळ संपली की नर्सच्या आधी तूच सगळ्यांना बाहेर काढायचीस. "चला, वेळ झाली, निघा." नर्स म्हणायची, मावशी, तुम्ही आमच्याकडं नोकरीला या. शेवटच्या दिवसांतही तुझ्या सांगण्यात तीच जरब होती. आम्ही निघायचो. तू सांगितल्यावर माणूस निघतोच.

काल कोकणातून गणपतदादा आले. जाधव साहेब आता नाहीत, ते तुलाही माहीत नव्हतं. दादांना निरोप उशिरा मिळाला, कार्यक्रम चुकला. आईच्या समोर जमिनीवरच बसले. मग मी विहारात बोलता आलं नाही ते सांगितलं, त्या रविवारचं. दादा ऐकत होते. म्हणाले, "त्या दिवशी लोकं गेली ना, त्याच्यानंतर बाई चौकीमागं जाऊन ओकली. मला म्हणाली, दादा, उद्यापासनं मला पवायला शिकवा."

मी विचारलं, "म्हणजे? तिला पोहता येत नव्हतं?"

"नाय. एक हात मारता येत नव्हता. मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, येतं, म्हणून तर शिरली."

मी आईकडं बघितलं. ती तशीच बसली होती, मांडीवर हात ठेवून.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "माझ्या पोटची पोर. आपल्याकडं नदीला पाणी कवा ऱ्हायलंय, पवायला शिकाया? तिनं वळून माझ्याकडं बघितलं ना, ते त्याच्यासाठीच. मी ओरडंन म्हणून. मी ओरडले असते तर ती गेली नसती."

एवढी वर्षं, ताई, तुम्ही दोघींनी हे एकमेकींपाशी ठेवलं होतं. तुमच्यात कधी बोलणं झालं होतं का, तेही मला माहीत नाही. आईला विचारलं नाही.

गणपतदादांनी चहा घेतला. आईनं विचारलं, "आता कोण असतं तिथं? तिच्या खोलीत?"

"नवीन पोरगी आलीय. विदर्भातली. कामाला चांगली हाय, पण लहान हाय. बोलत नाय कुणाशी. रडते मधनं मधनं."

"तिची आई येती का तिला बघाया?"

"लांब पडतं त्यांना. अजून कोण आलं नाय."

आई मग भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन कोठीतली ज्वारी सुपात घ्यायला लागली. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "मला न्हेऊन सोड तिथं. ऱ्हाते थोडं दिस. तू कामावर जा माघारी, दादा हायत."

तिच्या गुडघ्यांचं काय, घाटातल्या प्रवासाचं काय, मी सगळं बोलून पाहिलं. ती ऐकत नाही. तुझीच आई. मी सुट्टी टाकली आहे, शुक्रवारी निघतो. आता हे लिहितो आहे आणि आतून सुपाचा आवाज येतोय. मघाशी तिनं हाक मारून विचारलं, "बाळ्या, तिकडच्या पोरी भाकरी खात्यात ना रं?"

खात्यात म्हणून सांगितलंय, ताई.

तुझा
बाळ्या